मुंबईच्या वास्तू : जतन कशाचे आणि कशासाठी?

पश्चिम रेल्वेने रोज चर्चगेटला उतरणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना या स्थानकाच्या नावातील 'चर्च' नेमके कोणते, असा प्रश्न पडत असेल? ते चर्च म्हणजे फोर्ट भागातील सेंट थॉमस कथीड्रल. १७१८ साली नाताळच्या दिवशी ते उपासनेसाठी खुले झाले. त्या काळी मुंबईच्या इंग्रज वस्तीभोवती तटबंदी होती आणि तटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे रस्ता जाई, त्याला लोक चर्चगेट म्हणू लागले. पुढे तट गेला, दरवाजा गेला, नाव तेवढे मागे राहिले. चर्चही राहिले. अँग्लिकन परंपरेतील ही वास्तू आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे आणि तिच्या काळजीपूर्वक केलेल्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

स्थानकाबाहेर पाऊल टाकताच दोन इमारती समोरासमोर दिसतात. एक पश्चिम रेल्वेच्या मुख्यालयाची, घुमटाची, दगडी. ती १८९९ मध्ये पूर्ण झाली. दुसरी इरॉस चित्रपटगृहाची, १९३८ सालची. केकचे थर एकावर एक रचावेत तशी वर वर निमुळती होत गेलेली. दोहोंच्या वयात अवघे चाळीस वर्षांचे अंतर. पण पहिली पाहताना युरोपचे मध्ययुग आठवते, तर दुसरी पाहताना आगबोटी, विमाने आणि बोलपट यांचे युग. मुंबईचे वैशिष्ट्य असे की, ही दोन युगे येथे एका रस्त्याच्या दोन बाजूंना उभी आहेत.

या वैशिष्ट्याची दखल जगाने घेतली ती ३० जून २०१८ रोजी. बहारीनमधील मनामा येथे भरलेल्या बैठकीत 'मुंबईचे व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह' जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. घारापुरीची लेणी (१९८७) आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस (२००४) यांच्यानंतर मुंबईला मिळालेला हा तिसरा मान. सुमारे ६६ हेक्टरांचा परिसर आणि त्यातील ९४ इमारती. वर्तमानपत्रांनी बातमी ठळक छापली, अभिनंदनाचे फलक लागले. परंतु या इमारतींमध्ये जपण्यासारखे नेमके काय आहे आणि ते जपायचे म्हणजे काय करायचे, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम इतिहास. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची तटबंदी पाडून टाकण्याचा निर्णय घेतला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी करण्याची योजना आखली. (आज आपण ज्याला वारसा म्हणतो, तो एका अधिक जुन्या वारशाच्या पाडकामावर उभा आहे! जतनाच्या गोष्टी करताना ही बाब दृष्टिआड होऊ नये.) ओव्हल मैदानाच्या पूर्वेला जुने सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय या इमारती पुढील काही वर्षांत उभ्या राहिल्या.

राजाबाई टॉवरचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते लंडनमध्ये बसून नकाशे काढीत राहिले. मुंबईला ते कधीही आले नाहीत. पैसा प्रेमचंद रायचंद या मुंबईच्या व्यापाऱ्याचा. मनोऱ्याला नाव त्यांच्या आईचे. १८६९ मध्ये पायाभरणी झाली आणि १८७८ मध्ये सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा पूर्ण झाला. त्याच्या वरच्या भागात पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्री-पुरुषांचे पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याच्या देखरेखीखाली घडले. आराखडा साहेबाचा, पैसा गुजराती शेटजींचा आणि हात या मातीतले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची कथाही याच जातीची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८७८ मध्ये काम हाती घेतले, १८८८ मध्ये ते संपले, आणि दगडातले पानाफुलांचे, पशुपक्ष्यांचे नक्षीकाम सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी सांभाळले. त्यामुळे या इमारतीच्या भिंतींवर आपली माकडे आणि मोर आहेत, तर फाटकाच्या खांबांवर एका बाजूला ब्रिटनचा सिंह आणि दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानचा वाघ बसला आहे. 'हे सारे इंग्रजांचे, आपण कशाला जपायचे?' असे विचारणाऱ्यांनी एकदा मान वर करून हे कोरीवकाम पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

आपल्या वाचकांना या स्थानकात शिरताना एखाद्या कथीड्रलमध्ये आल्याचा भास होत असेल, तर तो निराधार नाही. टोकदार कमानी, बरगड्यांसारख्या पट्ट्यांनी तोललेले उंच छत, रंगीत काचांच्या खिडक्या, पावसाचे पाणी बाहेर फेकणारी दगडी प्राणिमुखे हा सारा गॉथिक शैलीचा साज मध्ययुगीन युरोपात प्रार्थनामंदिरांसाठीच घडला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने त्याचे पुनरुज्जीवन केले आणि मुंबईत तो रेल्वे, न्यायालय, विद्यापीठ यांच्या अंगावर चढला. मात्र येथे आल्यावर त्याला येथील हवामानाशी जुळते घ्यावे लागले: लांब, खोल व्हरांडे आले, वारा खेळता राहावा म्हणून उघडे जिने आले. मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, काळा बेसाल्ट आणि पोरबंदरचा मऊ चुनखडक यांच्या मिश्रणातून या इमारतींना तो खास मुंबईचा रंग लाभला.

आता मैदान ओलांडून पश्चिमेला या. येथे एकेकाळी समुद्र होता. बॅकबेची भर घालून मिळालेल्या जमिनीवर १९३० च्या दशकात निवासी इमारती उठल्या आणि तशाच पुढे मरीन ड्राइव्हच्या कमानीवरही. दगड मागे पडला, लोखंडी सळ्या घातलेले सिमेंट काँक्रीट आले. काँक्रीटला हवा तसा आकार देता येतो, म्हणून कोपरे गोल झाले, सज्जे बोटीच्या डेकसारखे लांबले, खिडक्यांवर भुवईसारखे छज्जे आले. फाटकांच्या जाळ्यांत लाटा, उगवता सूर्य, ताडाची झाडे उमटली. या शैलीला पुढे आर्ट डेको हे नाव पडले. रीगल चित्रपटगृह १९३३ चे. त्याचे वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स हे टर्मिनस बांधणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. बापाने गॉथिक बांधले, मुलाने डेको! परंतु अधिक महत्त्वाचे हे की, या नव्या लाटेत देशी वास्तुकारांची पहिली मोठी पिढी पुढे आली. ओव्हलसमोरील एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हवरील सूना महाल (१९३७) या इमारती गजानन बाबुराव म्हात्रे यांच्या. फोर्टमधील न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांची. तिच्या दर्शनी भागावरील शेतकरी, कुंभार, कष्टकरी यांची भव्य शिल्पे ना. ग. पानसरे यांची. मराठी माणसाने घडवलेल्या मुंबईचा पुरावा शोधायचा, तर तो या भिंतींवर आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात या नावांना एखादी ओळही मिळू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

मग या इमारतींची दुर्दशा का होते? केवळ अनास्था हे उत्तर पुरेसे नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना रस्त्यावर येऊ न देणे, हा त्यामागचा हेतू न्याय्य होता. पण दशके उलटली, महागाई वाढली आणि महिन्याचे भाडे चहा-नाश्त्याच्या बिलाइतके राहिले. मालकाने दुरुस्ती करावी कशातून? १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले, उपकर आला. शहर भागातील एकोणीस हजारांहून अधिक इमारती त्याखाली आल्या. मंडळाच्या टेकूंनी पुष्कळ इमारती तगल्या, परंतु लोखंडी तुळई टेकवताना लाकडी नक्षीचा जिना वाचवावा, ही त्या मंडळाची जबाबदारी नव्हती.

काळा घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शनचे उदाहरण पाहा. वॉटसन हॉटेल म्हणून १८६० च्या दशकात ती उभी राहिली. ओतीव लोखंडाचे तिचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने येथे आल्या आणि जोडल्या गेल्या. ७ जुलै १८९६ रोजी लुमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ याच इमारतीत झाला. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांचे तुकडे झाले, पोटभाडेकरू आले, वकिलांच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. एवढ्या मोलाच्या वास्तूला जबाबदार धनी कोण, हाच प्रश्न पन्नास वर्षे कोणी निकाली काढला नाही.

कायदा नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९५ मध्ये मुंबईने वारसा नियमावली लागू केली. शहरातील इमारतींसाठी अशी नियमावली करणारे हे देशातील पहिले शहर मानले जाते. सहाशेहून अधिक वास्तू आणि परिसर यादीत आले आणि त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीतील वास्तूला जवळपास हातच लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत आतील बदल विचारपूर्वक करता येतात. तिसऱ्या श्रेणीत रस्त्याचे एकूण रूप बिघडू नये, एवढी अपेक्षा. परवानगी देताना मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतला जातो. मात्र 'हे करू नका' असे सांगणे जितके सोपे, तितके 'हे करण्यासाठी हा निधी घ्या' असे म्हणणे सोपे नसते. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला पुनर्विकासात स्वतंत्र शौचालयाचे घर मिळत असेल, तर त्या कुटुंबाला वारशाचे शत्रू ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर गळते, त्यांच्याकडून सौंदर्यदृष्टीची अपेक्षा करण्यापूर्वी छप्पर दुरुस्त करून देणे, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

हा प्रश्न आपल्या घरापर्यंत कसा येतो, ते गिरगावच्या खोताच्या वाडीत दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले. लाकडी कठड्यांचे सज्जे, बाहेरून चढणारे जिने, रस्त्यालगतचे व्हरांडे, कोपऱ्यावर क्रूस अशी ही वाडी. एकेकाळी पासष्टच्या आसपास घरे होती, आज निम्मीही उरलेली नाहीत. माझगावच्या माथारपाखाडीचे दुखणेही तेच. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले काका जोसेफ बॅप्टिस्टा हे या पाखाडीचे सुपुत्र. अशा घरांचे दावेदार आज अनेक. एक भाऊ येथे राहतो, बाकीचे ऑस्ट्रेलियात किंवा कॅनडात. येथे राहणाऱ्याला कौले बदलायला सुतार मिळत नाही, मिळाला तर सागवान परवडत नाही. परदेशस्थ भावंडांना वाटा हवा असतो. बिल्डर दारात उभाच असतो. तेव्हा घर जाते ते बहुधा वारसा समितीच्या कचेरीत नव्हे, तर कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावर. वाटणीपत्र वेळेवर झाले, एका वारसाने इतरांचे हिस्से हप्त्यांनी विकत घेतले, तळमजल्यावर एखादे छोटे दुकान किंवा पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, तर घर तगू शकते. भावनेपेक्षा येथे हिशेब अधिक उपयोगी पडतो.

जुन्या वास्तूंवर प्रेम करणारेही कधीकधी त्यांचे नुकसान करतात. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना श्वास घेतो. पावसाळ्यात भिंतीत शिरलेला ओलावा उन्हाळ्यात त्यातून बाहेर पडतो. आपले पूर्वज चुना दिवसेंदिवस भिजवीत, त्यात गूळ, बेलफळाचा गर मिसळीत, तो उगाच नव्हे. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. वरून तैलरंग फासला, तर उरलीसुरली वाटही बंद होते. दिसायला काम चकचकीत, चार पावसाळ्यांनी भिंतीला पोपडे! जीर्णोद्धाराच्या नावाखाली किती चर्चच्या दगडी मुखावर असा रंग चढला आहे, हे वाचकांनी आपल्या डोळ्यांनी मोजावे.

काँक्रीटचे दुखणे निराळे. दगड शतके टिकतो. पण समुद्रावरच्या खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतील सळी गंजते, गंजताना फुगते आणि बाहेरचे कवच फोडते. म्हणजे गंमत अशी की, मुंबईतील 'नव्या' इमारती 'जुन्या' इमारतींहून लवकर म्हाताऱ्या होतात. शिवाय त्यांना वारसा मानायला कोणी सहज तयार होत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातील हॉल ऑफ नेशन्स ही १९७२ ची वास्तू. वास्तुकार राज रेवाल, अभियंता महेंद्र राज. जगभरातून विनंत्या आल्या, परंतु साठ वर्षे पूर्ण झालेली नाहीत म्हणून ती वारशाच्या व्याख्येत बसली नाही आणि एप्रिल २०१७ मध्ये ती पाडली गेली. साठीपर्यंत पोचूच दिले नाही, तर कोणतीही इमारत वारसा ठरायची कशी?

दादरच्या गोखले रोडवरील आपले अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्च या संदर्भात आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. बसचे वाहक आणि टॅक्सीवाले त्याला 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात, कारण येथील मूळ चर्च फ्रान्सिस्कनांनी १५९६ मध्ये बांधले. आज मात्र तेथे पोर्तुगीज असे काही दिसत नाही. १९७० च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही पूर्णतः आधुनिक वास्तू आहे. मनोरा नाही, दर्शनी मुखाचा थाट नाही. एकमेकांत गुंतलेली दालने, काही छताखाली, काही थेट आकाशाखाली. त्यांवर काँक्रीटची कवचे, वरून झिरपणारा उजेड. सोबत एम. एफ. हुसेन यांचे चित्रकाम. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेत भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला, त्यानंतर दहा-बारा वर्षांच्या आत घडलेले हे चर्च आहे. भाविक अंगणातून आत, आतून अंगणात सहज वावरतात. मुंबईच्या उकाड्यात वारा खेळता राहतो. प्रथमदर्शनी ते अनेकांना चर्च वाटत नाही, हे आम्ही मान्य करतो. त्यासाठी तेथे एखाद्या साध्या वारी, गर्दी नसताना, अर्धा तास बसावे. कोरिया यांचे २०१५ मध्ये निधन झाले. मुंबईतील कांचनजंगा (१९८३), बेलापूरची वसाहत यांच्याइतकेच हे चर्चही त्यांच्या कार्यात गणले जाते, आणि त्याची राखण एका धर्मग्रामाच्या हाती आहे.

जुने पाडून नवे बांधावे लागतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारचा नोव्हेना सुरू झाला, गर्दी वाढत गेली आणि १९७३ मध्ये नवी वास्तू उभी राहिली. गरज खरी होती. पण गरज कोणती आणि हौस कोणती, याचा निवाडा करण्यासाठी माहिती लागते. पूजाविधीविषयक संविधानाने १९६३ मध्येच सांगून ठेवले आहे की, धर्मगुरूंना सेमिनरीत पवित्र कलेचा इतिहास शिकवावा, म्हणजे ते ख्रिस्तसभेच्या प्राचीन वास्तूंची कदर करतील. मौल्यवान प्राचीन प्रतिमांना हात लावण्यापूर्वी धर्माध्यक्षांची लेखी परवानगी घ्यावी आणि त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, असे धर्मसभेच्या कायद्याचे ११८९ वे कलम सांगते. या दोन्ही गोष्टी किती धर्मग्राम-परिषदांच्या इतिवृत्तांत उतरल्या आहेत, हा प्रश्न आम्ही येथे नुसता विचारून ठेवतो.

चांगली कामे झालेलीच नाहीत, असेही नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १९९३ पासून बंद पडलेले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेले रॉयल ऑपेरा हाऊस, २०१५ मध्ये पूर्ण झालेले राजाबाई टॉवरचे काम ही ठळक उदाहरणे. भायखळा रेल्वे स्थानक तर रोजच्या लोकल गाड्यांच्या गर्दीत, वाहतूक न थांबवता, मूळ रूपात आणले गेले आणि २०२२ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. या साऱ्या ठिकाणी पद्धत सारखीच होती: आधी मोजमाप, जुनी छायाचित्रे आणि मूळ नकाशे गोळा करणे, मग आजवर चढलेले रंगांचे थर उतरवून आत काय आहे ते पाहणे, आणि त्यानंतर लागेल तेवढाच हात लावणे.

यातील पहिली पायरी कोणत्याही धर्मग्रामाला फारशा खर्चाविना गाठता येते. अनेक चर्चच्या कपाटांत बांधकामाचे मूळ नकाशे, जमाखर्चाच्या वह्या, कोनशिला बसवतानाची छायाचित्रे वाळवीच्या आधीन पडून आहेत. ती बाहेर काढून त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, एक संच धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात द्यावा. मे महिन्यात छपरावर माणूस चढवून पन्हळी साफ कराव्यात, फुटकी कौले बदलावीत, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढावे. आणि कंत्राटदाराने गिलाव्यासाठी सिमेंटची पहिली गोणी आवारात उतरवण्यापूर्वी, जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या एखाद्या वास्तुकाराला बोलावून ती भिंत एकदा दाखवावी.